फांडच्या बाटल्या गोळा करून किती सुटतात, आणि कुठल्या बाटल्यांना हात लावू नये

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीहून जर्मनीत आखेनला येऊन चार महिने झालेत, ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) महिन्याला ९९२ युरो हातात येतात, भाडं आणि विमा गेला की फार उरत नाही, आणि जर्मन कच्चं असल्यामुळे अजून काम मिळालेलं नाही. वोनहाइमच्या, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहाच्या, किचनमध्ये आणि मागच्या हिरवळीवर लोक रिकामे कॅन आणि बाटल्या टाकून जातात, त्या उचलल्या तर काही पैसे सुटतील का, ते कायद्यात बसतं का, आणि घरी कळलं तर कसं दिसेल, असे तीन प्रश्न तू विचारलेस. मी २०११ पासून कोलोनमध्ये आहे आणि पहिली दोन वर्षं मी हे केलेलं आहे. वयाने बरीच मोठी आहे म्हणून अरेतुरे करते.

आधी पैशाचं बोलू, कारण तिथेच सगळ्यांचा अंदाज चुकतो. एकदाच वापरून फेकायच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट फांड असतो, म्हणजे रिकामी परत केली की मिळणारं डिपॉझिट. बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर, म्हणजे जी धुऊन पुन्हा भरतात तिच्यावर, फक्त ८ सेंट. पाण्याच्या पुन्हा भरायच्या बाटल्या आणि तारेच्या झाकणाच्या बिअरच्या बाटल्या यांना १५. आता वजन बघ. रिकामा कॅन पंधरा-सोळा ग्रॅमचा. शंभर कॅन म्हणजे दीड किलो आणि हातात २५ युरो. बिअरची अर्ध्या लिटरची बाटली पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरते. अशा शंभर बाटल्या म्हणजे ३७-३८ किलो ओझं आणि मिळणार ८ युरो. मी पहिल्या महिन्यात हावरेपणाने काच गोळा केली, तिसऱ्या मजल्यावरून खाली नेली, ट्राममधून वाहिली, आणि खांदा भरून आला तेव्हा हा हिशेब डोक्यात शिरला.

१ जानेवारी २०२६ पासून इथलं किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. म्हणजे एका तासाच्या साध्या कामाइतके पैसे हवे असतील तर ५६ कॅन लागतात. रस्त्याने फिरून तासाला ५६ कॅन मिळत नाहीत. कोलोनला कार्निव्हलमध्ये मिळतात, कारण त्या दिवसांत जुन्या शहरात काचेच्या बाटल्यांना बंदी असते. पण तेव्हा कॅन गोळा करणारेही पहाटेपासून हजर असतात. एरवी दोन तास चालून तीन-चार युरो, असा माझा अनुभव. त्यापेक्षा युनिव्हर्सिटीतच हिवीचं, म्हणजे विद्यार्थी सहाय्यकाचं, काम बघ. ते तुझ्या व्हिसाच्या वर्षाला १४० दिवस कामाच्या मर्यादेत धरत नाहीत आणि बऱ्याच विभागांत इंग्रजीवर भागतं. याच्यावर तू मेहनत घ्यावीस असं मला मनापासून वाटतं.

मात्र वोनहाइमची गोष्ट वेगळी. तिथे खरंच पैसे पडलेले असतात. आमच्या मजल्यावर अकरा जण होतो. शुक्रवारी पार्टी झाली की शनिवारी किचनमध्ये क्रेट पडून असायचे आणि कुणालाच ते उचलून न्यायचा कंटाळा. वीस बाटल्यांचा बिअरचा क्रेट बाटल्यांसकट परत केला तर ३ युरो १० सेंट मिळतात: बाटल्यांचे १.६० आणि नुसत्या प्लास्टिकच्या क्रेटचे १.५०. हे लोकांना माहीतच नसतं, बाटल्या परत करतात आणि क्रेटमध्ये बूट ठेवतात. मी मजल्याच्या ग्रुपवर सरळ लिहिलं, की किचन मी आवरते, बाटल्या मी नेते, फांड मला. सगळे खूश झाले. महिन्याला पंचवीस-तीस युरो सुटायचे, म्हणजे माझा तांदूळ, डाळ आणि भाजी. विचारून घेतल्यामुळे कुणाच्या मनात काही राहिलं नाही. तूही हेच कर. न विचारता सामायिक फ्रिजशेजारच्या बाटल्या उचलू नकोस, इथे लोक त्या मोजून ठेवतात.

आता दुकानातल्या, बाटल्या परत घेणाऱ्या यंत्राचं थोडं. कॅन आणि प्लास्टिकची बाटली चेपू नकोस. आपल्याला घरून सवय असते, पिशवीत जास्त मावावं म्हणून पायाने चपटी करायची. इथलं यंत्र बाटली गोल फिरवून बारकोड आणि फांडची खूण वाचतं. चेपलेली असेल, लेबल निघालेलं असेल, तर बाहेर फेकतं. काच मात्र सगळीकडे घेत नाहीत, दुकान ज्या प्रकारच्या बाटल्या विकतं त्याच घेतं. एकदा वापरायच्या बाटल्यांचं तसं नाही: २०० चौरस मीटरहून मोठं दुकान प्लास्टिकच्या बाटल्या विकत असेल, तर प्लास्टिकची कुठल्याही कंपनीची बाटली त्याला घ्यावीच लागते. कॅनचंही तसंच. वाइन आणि दारूच्या काचेच्या बाटल्यांवर फांड नसतो, त्या उचलू नकोस. दुधाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर २०२४ पासून आला, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही आणि ते त्या सरळ कचऱ्यात टाकतात. आणि यंत्रावर शेवटी दोन बटणं असतील तर वाचून दाब. बऱ्याच ठिकाणी एक पावतीचं असतं आणि दुसरं दानाचं. पावती त्याच दिवशी वटवायची घाई नसते, पण ती थर्मल कागदाची असते, खिशात पुसट होते.

आता बाहेरच्या बाटल्यांकडे येते. उत्तर लिहायला बसले ते खरं यासाठी.

२०१२ च्या उन्हाळ्यात आम्ही सगळे पोल्लच्या कुरणावर, राइनच्या काठी, बार्बेक्यूला गेलो होतो. रात्री निघताना पाहिलं तर कचरापेटीच्या बाजूला, जमिनीवर, बाटल्या ओळीने उभ्या करून ठेवलेल्या. नऊ काचेच्या आणि सहा-सात कॅन. मला वाटलं, नशीब उघडलं. पिशवीत भरायला लागले तेवढ्यात मागून एक बाई आल्या. सत्तरीच्या असाव्यात. नीट विंचरलेले पांढरे केस, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात बागकामाचे मोजे, गळ्यात टॉर्च, आणि ओढायची चाकांची बाजारपिशवी. त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, "या तुमच्या आहेत का?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "ही माझी फेरी आहे. लोक माझ्यासाठी ठेवतात."

मी सगळ्या परत काढून दिल्या. त्यांनी पिशवी उघडली. आत जुनी वर्तमानपत्रं नीट घड्या करून ठेवलेली. एकेक काचेची बाटली त्या कागदात गुंडाळत होत्या, अगदी आपण गणपतीची समई गुंडाळून माळ्यावर ठेवतो तशी. मला वाटलं फुटू नये म्हणून. मी मदत करायला लागले तेव्हा त्यांनी सांगितलं, जिन्यात आवाज होऊ नये म्हणून. शेजाऱ्यांना कळू नये.

त्या बाईंना पेन्शन होती, घर होतं, चांगली भाषा होती, त्यांचा स्वतःचा देश होता. आणि तरी त्या आठ सेंटच्या बाटलीला कागद गुंडाळत होत्या.

तेव्हापासून मी बागेतल्या, ट्रामस्टॉपवरच्या, पेटीशेजारी मांडून ठेवलेल्या बाटलीला हात लावलेला नाही. जर्मनीत "फांड पेटीत नको, बाजूला ठेवा" अशी मोहीम २०११ पासून चालते, ती यासाठीच, की गोळा करणाऱ्याला घाणीत हात घालावा लागू नये, काच लागू नये. कोलोनच्याच पॉल केट्झ या डिझाइनच्या विद्यार्थ्याने कचरापेटीभोवती बसवायचं बाटल्यांचं कडं तयार केलं, ते काही शहरांत दिसेल. त्या कड्यातली बाटली कुणीतरी कुणासाठी तरी ठेवलेली असते. तू अडचणीत आहेस हे मला मान्य आहे, पण तुझी अडचण दोन वर्षांची आहे. त्यांच्यासाठी ती उरलेल्या आयुष्यभराची असू शकते.

हे सगळं फार जुनंही नाही. १९९१ च्या नियमात असं होतं, की पुन्हा भरायच्या बाटल्यांचा वाटा ७२ टक्क्यांच्या खाली गेला तर फेकायच्या बाटल्यांवर सक्तीचा फांड लागेल. तो गेला, आणि १ जानेवारी २००३ पासून कॅनवर फांड आला. पण सुरुवातीला दुकानं फक्त आपापल्याच बाटल्या घ्यायची. १ मे २००६ पासून एकदा वापरायची कुठलीही बाटली जवळपास कुठल्याही दुकानात चालू लागली, आणि दुसऱ्याने टाकलेला कॅन उचलणाऱ्यालाही रोख पैसे मिळायची खात्री झाली. रस्त्यावर बाटल्या शोधणारी माणसं त्यानंतर जागोजागी दिसू लागली, असं इथले जुने लोक सांगतात. आणि जी बाटली कुणीच परत करत नाही तिचे पैसे सरकारकडे जात नाहीत, ती भरणाऱ्या कंपनीकडे राहतात. म्हणून झुडपात पडलेली, कुणाच्या फेरीत नसलेली बाटली दिसली तर खुशाल उचल.

कायद्याचं थोडक्यात. जमिनीवर टाकून दिलेला कॅन उचलला म्हणून कुणी पकडत नाही. पण रेल्वे स्थानकाच्या नियमांत कचरापेट्या धुंडाळायला मनाई आहे, तिथून हाकलतात. कुणाच्या अंगणातली पेटी, दुकानामागे रचलेले क्रेट, रस्त्यावरचे जुन्या काचेचे कंटेनर, यांच्या वाटेला जाऊ नकोस. विद्यार्थी व्हिसावर असताना पोलिसांना कागद दाखवायची वेळच कशाला आणायची? आणि कंटेनरमध्ये हात घातला की काच लागतेच.

राहिला घरच्यांचा प्रश्न. मी पुण्यात वाढले. आमच्या घरी बाटली फेकलेली मला आठवत नाही. आईच्या लहानपणी आरेच्या दुधाची रिकामी बाटली केंद्रावर दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे, आणि थंड पेयांच्या बाटल्यांचं डिपॉझिट वाण्याकडे माझ्या लहानपणीही असायचं. बाटली परत करून पैसे घेण्यात आपल्याला कधी लाज वाटली नाही. रद्दीवाल्याशी आई रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करायची, दारात उभी राहून, सगळ्यांसमोर. लाज वाटते ती टाकलेली बाटली उचलताना. कारण ते काम आपल्याकडे कुणी करायचं हे जातीने ठरवून टाकलेलं होतं. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायका बहुतेक दलित समाजातल्या. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं त्यांना मिळाली, आणि पुढे स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था दारोदार कचरा उचलू लागली. आमच्या सोसायटीत येणाऱ्या मावशी ते ओळखपत्र साडीवर दिसेल असं लावून यायच्या. जिन्यातून त्यांच्या पोत्याचा आवाज मोठ्याने यायचा, आणि तो दबावा असं त्यांना कधी वाटलं नाही.

मी आईला पहिल्याच वर्षी फोनवर सांगितलं, की पार्टीच्या बाटल्या परत करून भाजी आणते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग विचारलं, "हात धुतेस ना नीट?" तू तुझ्या घरी सांगायचं की नाही हे तू ठरव. पण लपवायचं म्हणून बाटल्यांना कागद गुंडाळू नकोस.

एक शेवटचं, फक्त आखेनवाल्यांसाठी. तुमच्या वोनहाइममध्ये अर्धे कॅन नेदरलँड्समधून आणलेले असतात. ते जर्मन यंत्र घेत नाही, म्हणून मुलं ते कचऱ्यात टाकतात. डच कॅनवर एप्रिल २०२३ पासून १५ सेंट आहेत, छोट्या प्लास्टिकच्या बाटलीवर १५ आणि मोठ्या बाटलीवर २५. त्यांची खूण वेगळी असते. बेल्जियमच्या कॅनवर काहीच नाही, ते बाजूला काढ. डच कॅनसाठी एक वेगळी पिशवी किचनच्या दाराला अडकव, आणि भरली की सायकलने सीमेपलीकडे फाल्स या डच गावी जा. गावात शिरल्यावर सुपरमार्केट लागतं. तिथल्या यंत्राची पावती डच दुकानातच वटते, तेव्हा भाजीची यादी सोबत ने.