कॅमेरा असताना टाचणी कशाला?

प्रश्न : मला फुलपाखरांची छायाचित्रे काढण्याचा छंद आहे. फुलपाखरांचे आणि पतंगांचे अभ्यासक आजही त्यांना मारून, टाचणीला टोचून संग्रहात ठेवतात, हे वाचून वाईट वाटले. इतके उत्तम कॅमेरे हाताशी असताना याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : फुलपाखरांपुरते बोलायचे तर बहुधा नसते. निव्वळ हौसेपायी पेट्याच्या पेट्या भरणाऱ्या जुन्या संग्राहकांचे समर्थन आम्हीही करणार नाही. पतंगांचे मात्र तसे नाही. फुलपाखरांच्या सुमारे १८,००० जाती ज्ञात आहेत, तर पतंगांच्या सव्वा लाखाहून अधिक. आणि त्यांतल्या कित्येक करड्या-तपकिरी जाती केवळ पंखांवरून सरावलेल्या नजरेलाही वेगळ्या काढता येत नाहीत. अशा वेळी अभ्यासक पतंगाचे पोट अलग करून दाहक पोटॅशच्या द्रावणात ठेवतो. मऊ भाग विरघळून गेला, की जननेंद्रियांचे कठीण अवयव तेवढे उरतात आणि त्यांचे आकडे, काटे, बाक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जात ठरवता येते.

कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह यांनी १९४०च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात, म्हणजे जतन केलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, नेमके हेच काम केले. अमेरिका खंडातील ‘ब्लू’ गटाची फुलपाखरे आशियातून टप्प्याटप्प्याने आली असावीत, असा तर्क त्यांनी १९४५ मध्ये प्रामुख्याने याच अवयवांच्या तुलनेवरून मांडला. २०११ मध्ये डीएनएच्या अभ्यासाने त्याला पुष्टी दिली. अशा अभ्यासासाठी वाळलेल्या नमुन्याचा एखादा पायही पुष्कळदा पुरतो. छायाचित्रातून तो कोठून काढणार?

मात्र नमुन्याचे मोल पंखांच्या रंगांत नसून टाचणीवर खाली खोवलेल्या बोटभर चिठ्ठीत असते. कोठे, कधी आणि कोणी पकडला, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. पण ती हरवली, तर कितीही देखणे फुलपाखरू अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरते.

तुमच्या छंदासाठी जाळी घेण्याचे कारण नाही. पंख मिटलेले असतानाची खालची बाजूही टिपा, कारण ओळख पुष्कळदा तिथल्या ठिपक्यांवरून पटते. आणि प्रत्येक छायाचित्रासोबत स्थळ व दिनांक न चुकता नोंदवा.