फाइल घेऊन स्टोअरमध्ये जा

प्रश्न : अंबड एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात मी स्टोअर बघते. टाक्या वायनरींना जातात. पुढच्या महिन्यात ग्राहकाचं ऑडिट आहे. साहेबांनी ३४ रसायनांच्या सेफ्टी डेटा शीटची (रसायनाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणाऱ्या माहितीपत्रकांची) फाइल दिली आणि ‘तपासून सही कर’ म्हणाले. माझं शिक्षण बी.कॉम. नेमकं काय तपासू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सही घाईने करू नका. बी.कॉम.मुळे काही अडत नाही. पहिली तपासणी केमिस्ट्रीची नसतेच. फाइल घेऊन स्टोअरमध्ये जा. एकेक कॅन, एकेक डबा पुढे ओढा आणि लेबलावरचं नाव नि कंपनी शीटशी जुळवा. दर कमी मिळाला की माल दुसऱ्याकडून येतो, शीट मात्र जुन्याचीच राहते. पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं, लेबल नसलेलं काही सापडलं तर आधी ते लिहून घ्या. फाइलीत ते कधीच नसतं.

मग पिकलिंग पेस्टची शीट काढा. टाक्या म्हणजे वेल्डिंग, आणि जोडावरचा काळा-निळा डाग काढायला ही पेस्ट लागतेच. शीटचे १६ विभाग असतात, तिसरा घटकांचा. तिथे नायट्रिक ॲसिडबरोबर बहुधा हायड्रोफ्लोरिक ॲसिड दिसेल, सीएएस क्रमांक (रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक) ७६६४-३९-३. दिसलं की चौथा विभाग उघडा, प्रथमोपचाराचा. नुसतं ‘भरपूर पाण्याने धुवा, डॉक्टरांना दाखवा’ असेल आणि या ॲसिडने भाजल्यावर लावायच्या कॅल्शियम ग्लुकोनेट जेलचा उल्लेखच नसेल, तर सप्लायरला शीट परत पाठवा.

मी सातपूरच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. एका हेल्परच्या हातमोज्याला तर्जनीच्या टोकाशी टाचणीएवढं भोक होतं. दुपारी पेस्ट लावून त्याने हात धुतले. काही जाणवलं नाही. हे ॲसिड सौम्य असलं की दुखणं काही तासांनी उठतं, तोवर ते कातडीखाली उतरून तिथलं कॅल्शियम बांधून टाकत असतं. रात्री बोट पांढरंफटक पडलं, पोरगा ठणक्याने रडत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशाने भाजलं? आम्ही शीट पुढे केली. ती दुसऱ्याच पेस्टची होती, आणि तिच्यावर तपासल्याची सही माझी होती. बोटाचं टोक गेलं. तेव्हापासून डबा समोर असल्याशिवाय मी एकाही शीटवर सही केली नाही.

आठव्या विभागात ‘योग्य हातमोजे वापरा’ एवढंच असेल तर ते कामाचं नाही. कुठल्या मटेरियलचे, किती जाडीचे, किती वेळ टिकणारे, हे हवं. दहाव्या विभागात काय कशाजवळ ठेवू नये ते असतं. तो वाचून रॅक बघा. ॲसिडशेजारी फरशी धुण्याचं ब्लीच ठेवलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. दोन्ही सांडून एकत्र आली तर क्लोरीन सुटतो. पहिल्या विभागातला आपत्कालीन नंबर एकदा रात्रपाळीत लावून बघा.

साहेब म्हणतील, ऑडिटपुरतं करा. त्यांना सांगा की १९८४च्या भोपाळनंतर १९८७ साली तेव्हाच्या कारखाने अधिनियमात कलम ४१ब आलं, ते कामगारांना धोक्याची माहिती देण्यासाठीच. १९८९च्या घातक रसायनांच्या नियमांत तर डेटा शीटचा नमुनाच दिलाय. पेस्ट लावणाऱ्याला इंग्रजी शीट वाचता येत नसेल, तर चौथा आणि आठवा विभाग मराठीत, हेल्पर हिंदी बोलणारे असतील तर हिंदीत, मोठ्या अक्षरांत लिहून पिकलिंगच्या जागी लावा. लावल्यावर त्यांच्यापैकी एकाला तो मोठ्याने वाचायला सांगा. अडखळला तर शब्द बदला.

आणि जेल कुठे आहे ते आजच बघा. प्रथमोपचार पेटीत असेल तर तिची मुदत तपासा. पेटीला कुलूप असेल, तर रात्रपाळीत किल्ली कोणाकडे असते तेही विचारून घ्या.