वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी सायकलचे फोटो

गेल्या अंकात घरच्या वस्तूंच्या फोटोग्राफीवर लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांत सायकलीबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते. त्यातले काही निवडून इथे घेतले आहेत.

प्रश्न : दहा बाय बाराचा हॉल आहे. मोबाइलवर सायकलचा पूर्ण फोटो काढला की पुढचं चाक मोठं, मागचं लहान आणि हँडल तर अंगावर आल्यासारखं दिसतं. चांगला कॅमेरा घ्यावा लागेल का? (कोथरूड)

कॅमेरा घेऊ नका, मागे सरका. मोबाइलची मुख्य लेन्स बरीच वाइड असते. सहा फुटांची सायकल आजूबाजूला थोडी जागा ठेवून फ्रेममध्ये बसवायची तर या लेन्सने साधारण सव्वापाच फुटांवरून फोटो निघतो आणि तिथेच सगळं बिघडतं. सायकल जराशी तिरकी उभी असेल आणि पुढचं चाक सहा इंच जवळ आलं असेल, तर या अंतरावर ते जवळजवळ दहा टक्के मोठं दिसतं. झूम २एक्स करून साडेदहा फुटांवर गेलात, तर तीच चूक पाच टक्क्यांवर येते. हँडलचंही तसंच. त्याचं टोक दांडीच्या रेषेपेक्षा दहाएक इंच तुमच्याकडे आलेलं असतं. जवळून ते वीसेक टक्के फुगतं, लांबून नऊ.

आता साडेदहा फूट आणायचे कुठून? दहा फुटी भिंतीला समांतर सायकल लावा, भिंतीपासून दोन फूट सोडून. सायकलची स्वतःची जाडी धरली तर समोर साडेनऊ फूट उरतात. उरलेला फूटभर बाल्कनीच्या किंवा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मिळवा. खोलीचा कर्ण लांब असतो म्हणून सायकल कोपऱ्यात तिरकी लावायचा मोह होतो, पण मग दोन भिंतींचा सांधा नेमका दांडीमागून जातो.

मोबाइलची उंची जमिनीपासून बावीस ते चोवीस इंच ठेवा, म्हणजे चाकाचा हब (मधला भाग) आणि दांडी यांच्या साधारण मधोमध. उभ्याने खाली रोखून काढलेल्या फोटोत चाकं लंबगोल होतात. स्टुलावर चार-पाच जाड पुस्तकं रचा, मोबाइल क्लिपने उभा करा, स्क्रीनवर ग्रिड लावा आणि दोन्ही चाकं जमिनीला टेकतात ते बिंदू एकाच आडव्या रेषेत आहेत का ते बघा. ही एक रेषा जमली की निम्मं काम झालं.

प्रश्न : स्टँडवर सायकल चांगली दिसत नाही आणि स्टँड काढला तर उभी राहत नाही. कॅटलॉगमध्ये ती आपोआप उभी कशी दिसते? (सदाशिव पेठ)

आपोआप उभी नसते. कोणीतरी धरलेली असते आणि धरणारा नंतर पुसलेला असतो. घरी तीन प्रकारे जमतं.

पहिला तंगूस. मासेमारीचा अर्ध्या मिलिमीटरचा पारदर्शक तंगूस घ्या. एक धागा सीटच्या खालच्या पट्टीला, एक हँडलच्या मधल्या भागाला बांधून वर पडद्याच्या भक्कम रॉडला किंवा छताच्या हुकाला ताणा. सायकलचं वजन चाकांवरच राहिलं पाहिजे, धाग्यावर फक्त बाजूला कलण्याचा ताण यावा. चाकं उचलली जाईपर्यंत ओढलं की धागा तुटतो, आणि अठरा-वीस किलोची जुनी काळी सायकल फरशीवर पडली तर फरशीचंच नुकसान होतं. गाठ बांधायला मासेमारीच्या सामानाच्या दुकानात विचारा. नायलॉन गुळगुळीत असतो, साधी गाठ सरकते.

दुसरा काठीचा टेकू. पलीकडच्या बाजूने सीटखालच्या नळीला लाकडी पट्टी टेकवा, ती सीटच्या नळीच्या मागेच लपेल अशी. कॅमेरा जराही सरकला तर पट्टी डोकावते, म्हणून आधी कॅमेरा पक्का करा आणि मग टेकू लावा.

तिसऱ्यात खर्च शून्य, पण माणूस लागतो. मोबाइल हलवायचा नाही. एक फोटो मदतनीसाने मागून सीट धरून, दुसरा पुढून हँडल धरून. सायकल दोन्हींत तसूभरही हलता कामा नये. मग दोन्ही थर एकावर एक ठेवून हात पुसायचे. थर हाताळणारं कोणतंही मोफत ॲप चालतं. फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) आधी स्क्रीनवर दाबून लॉक करा, नाहीतर दोन फोटोंच्या उजेडात फरक पडतो आणि जोड दिसतो.

तिन्हींत एक अडचण सारखीच : चाक फिरतं, चिमटा (पुढचं चाक धरणारा दुहेरी भाग) वळतो. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर आणि मुठीवर मिळून जाड रबर बँड चढवा, चाक जागच्या जागी राहतं. चिमट्यासाठी टायरच्या दोन्ही बाजूंना खोडरबराचे पाचरीसारखे तुकडे खुपसा. कॅमेऱ्याच्या बाजूचा तुकडा दिसतो, तो नंतर पुसता येतो.

उभी राहिली की पुढचं बघा. उजवी, म्हणजे चेनची बाजू कॅमेऱ्याकडे. गिअरची असेल तर चेन पुढे मोठ्या चक्रीवर आणि मागे सर्वांत लहान चक्रीवर ठेवा, डिरेल्युअर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) नीट ताणलेला दिसतो. उजवा क्रँक (पायडलचा दांडा) पुढे, जमिनीला समांतर. दोन्ही व्हॉल्व्ह तळाशी, सहाच्या आकड्यावर, आणि टायरवरची अक्षरं त्यालगत. व्हॉल्व्ह एक वर, एक खाली राहिला तर काय चुकलंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं खरं.

प्रश्न : आजोबांची काळी रोडस्टर आहे, मडगार्डची कड, रिम, घंटी सगळं क्रोमचं. काळा रंग पांढऱ्या चादरीपुढे कोळशासारखा आणि क्रोममध्ये माझाच टी-शर्ट दिसतो. (कर्वेनगर)

काळा रंग आणि क्रोम एकत्र म्हणजे दोन वेगळे प्रश्न. काळ्याचं सोपं आहे. कॅमेरा दृश्याचा सरासरी उजेड राखाडी धरतो. मोठी पांढरी चादर दिसली की तो सगळं गडद करतो, मग सायकलीत तपशील उरत नाही. एक्स्पोजर +०.७ ते +१ वाढवा. खरं तर पांढरी चादर टाळाच. मध्यम राखाडी पार्श्वभूमीवर काळा आणि क्रोम दोन्ही उठून दिसतात. किंग साइझची १०८ इंची चादर सायकलीला पुरते, नेहमीची डबलबेडची अपुरी पडते, कारण पार्श्वभूमी मागे गेली की तिची रुंदीही वाढवावी लागते. वाफेची इस्त्री करून दोरीवर चिमट्यांनी ताणून लावा आणि सायकल तीन फूट पुढे घ्या. चिकटून उभी केली तर आऱ्यांच्या सावल्यांचं जाळं चादरीवर उमटतं आणि सुरकुत्याही फोकसमध्ये येतात.

क्रोम मात्र आरसा आहे. त्याच्यावर उजेड टाकून उपयोग नाही, त्याला काय दिसतं ते ठरवायचं. खिडकीवर बटर पेपर किंवा पांढरं धोतर लावा. त्या पडद्याचा लांबट उजळ पट्टा दांडीवर आणि मडगार्डवर पडतो, नळी गोल वाटू लागते. नुसतं पांढरंच पांढरं दिसलं तर क्रोम प्लास्टिकसारखं सपाट होतं. म्हणून कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या कार्डशीटच्या उभ्या पट्ट्या ठेवा, कडांना काळी रेघ येते. अप्पा बळवंत चौकात दोन्ही कागद मिळतात. तुम्ही स्वतः गडद, एकरंगी कपडे घाला आणि टायमर लावून बाजूला व्हा.

खिडकी सायकलच्या तोंडाशी नको, तुमच्या पाठीमागच्या बाजूला तिरकी हवी. तोंडाशी असेल तर पुढचं चाक झगझगीत आणि मागचं अंधारात. नाइलाज असेल तर मागच्या चाकाजवळ टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल उभा करा.

पोलरायझर (लेन्ससमोर लावायची फिल्टरची काच) घेऊ का, असाही प्रश्न पत्रात आहे. रंगावरची आणि वार्निशवरची चकाकी तो कमी करतो. क्रोमवरची नाही, धातूचं प्रतिबिंब त्याला फारसं जुमानत नाही. तुमच्या सायकलीसाठी ते पैसे वाचवा.

गच्ची असेल तर या खटाटोपाची गरजच नाही. पुण्यात जून ते सप्टेंबर ढगाळ आभाळ हाच मोठा मोफत दिवा असतो. इतर महिन्यांत टाकीच्या सावलीत काढा. सावलीत फोटो निळसर होतो, व्हाइट बॅलन्स ‘शेड’वर ठेवा.

प्रश्न : रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत आडवे काळसर पट्टे येतात. मोबाइल बिघडला का? (हडपसर)

नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/५०० सेकंद असेल तर सेन्सर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाचला जाताना मध्येच दिवा मंदावतो. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कमी, मोबाइल टेकवलेला. सायकल कुठे पळून जाणार नाही, तेव्हा कमी वेगाची भीती नको. आणि खोलीत एकाच रंगाचे दिवे ठेवा. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र लागले की सायकल एका बाजूने पिवळी, दुसऱ्या बाजूने निळी पडते आणि ते नंतर दुरुस्त होत नाही.

मोबाइलचा फ्लॅश बंदच ठेवा. मागचा लाल रिफ्लेक्टर आणि पायडलचे पिवळे तुकडे उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतात. फ्लॅश लेन्सशेजारी असल्याने ते जळजळीत ठिपके होतात. दिवा तीन फूट बाजूला घेतला की तेच शांत होतात.

प्रश्न : सायकल विकायची आहे. कोणते फोटो टाकू? (पिंपरी)

दोन्ही बाजू, पुढून तिरका एक, आणि मग जवळचे. घेणाऱ्याला दांडीचा रंग बघायचा नसतो, घासलेलं काय आहे ते बघायचं असतं. फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या चक्रीचे) दात, रिमची ब्रेक लागणारी कड, टायरवरच्या भेगा आणि तिथे छापलेला आकार, नळ्यांच्या सांध्यांवरचा गंज. ओरखड्याशेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवा, मोजमाप कळतं.

चेनसाठी एक खास फोटो काढा. स्टीलची फूटपट्टी चेनवर धरा, शून्य एका पिनच्या मध्यावर. नव्या चेनची पिन बरोबर बारा इंचांवर येते. १२ १/१६ ला असेल तर चेन बदलायला आली आहे, १२ १/८ ला असेल तर चक्र्याही बहुधा गेल्या आहेत. मोबाइल बारा इंचांच्या खुणेच्या बरोबर समोर धरा, तिरका धरला तर आकडा सरकतो आणि उगाच भांडण होतं.

बॉटम ब्रॅकेटखाली (पायडलचा आस बसतो त्या जागेखाली) किंवा सीटच्या नळीवर कोरलेला फ्रेम नंबर स्वतःसाठी टिपून ठेवा, जाहिरातीत देऊ नका. इमारतीचं नाव, फ्लॅट क्रमांक पार्श्वभूमीत येऊ देऊ नका, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा.

प्रश्न : फोटोआधी चमक आणायला सिलिकॉन स्प्रे मारू का? (वानवडी)

स्प्रे फडक्यावर मारून फक्त फ्रेम पुसा, सायकलवर थेट फवारू नका. उडालेले थेंब रिमवर किंवा डिस्कवर बसले की ब्रेक लागत नाही, आणि डिस्कचे पॅड एकदा तेल प्यायले की बहुतेकदा बदलावेच लागतात. टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागावर तर काहीच लावू नका, ओल्या फडक्याने पुसलं तरी फोटोत पुरेसा काळा दिसतो.