श्टुटगार्टमधले चार नकार

प्रश्न : माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. लहानपणापासून बॅले शिकली. आम्ही पुण्याचे, त्यामुळे दर शनिवार-रविवार शिवनेरीने मुंबईला क्लास. बारावीनंतर कर्ज काढून लंडनला तीन वर्षांचा कोर्स केला, मग तिथल्याच एका छोट्या कंपनीत दीड वर्ष नाचली. गेल्या डिसेंबरात लग्न झालं. जावई श्टुटगार्टला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. मे-जूनमध्ये तिने जर्मनीतल्या चार मोठ्या कंपन्यांत ऑडिशन दिली, चारही ठिकाणी नकार. आता घरीच स्वयंपाकघराचा ओटा धरून सराव करते. सासरचे म्हणतात, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर. आम्हालाही रात्री झोप लागत नाही. देश बदलला म्हणून तिचा नाच संपला का? – एक आई, पुणे

ताई, या दिवसांत माझ्याकडे येणारी निम्मी पत्रं कॅप राउंडची असतात. बॅलेचं हे पहिलंच, म्हणून दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की ‘संपला का’ हे तुम्ही विचारताय, ती नाही. रोज ओटा धरून उभी राहणारी मुलगी तसं म्हणत नसावी.

आधी ते चार नकार. मे-जूनमध्ये ऑडिशन देणं म्हणजे पंगत उठल्यावर पाट शोधणं. जर्मन नाट्यगृहांचं वर्ष उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात संपतं. नर्तकांचे करार बहुधा वर्षा-वर्षाचे. करार पुढे चालवायचा नसेल, तर नाट्यगृहाला तसं साधारणपणे 31 ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं. म्हणजे कुठे जागा होणार हे नोव्हेंबरात कळू लागतं आणि बऱ्याचशा ऑडिशन हिवाळ्यात होतात. मे उजाडेपर्यंत ताटं वाढून झालेली असतात. लंडनहून आलेल्या मुलीला हे कोण सांगणार?

शिवाय चारही मोठ्या कंपन्या. श्टुटगार्ट बॅलेची स्वतःची जॉन क्रॅन्को शाळा आहे. तिथे लहानपणापासून घडलेली मुलं कंपनीत जातात, उरलेल्या थोड्या जागांसाठी जगभरातून अर्ज येतात. तिथे नाव न लागणं हा तिच्या नाचावरचा निकाल नव्हे.

मी तिला मधल्या आणि छोट्या शहरांकडे बघायला सांगेन. आपल्याकडे बालगंधर्व किंवा गडकरी रंगायतन महापालिकेचं असतं, पण तिथे पगारावर नट नसतात. जर्मनीत असतात. सरकार आणि नगरपालिकांच्या पैशावर चालणारी नाट्यगृहं, आणि त्यांतल्या अनेकांकडे मासिक पगारावरचा स्वतःचा नर्तकसंच. श्टुटगार्टहून रेल्वेने जाता येईल अशा उल्म, फोर्झहाइम, कार्ल्सरूह या गावांतही असे संच आहेत. श्टुटगार्टमध्येच गोटिए डान्स ही कंपनी आहे. श्टुटगार्ट बॅलेत नाचलेल्या एका कॅनेडियन नर्तकाने 2007 मध्ये ती सुरू केली.

फक्त एक मेख आहे. छोट्या संचांत ‘स्वान लेक’सारखं पारंपरिक बॅले क्वचितच होतं. तिथलं काम बहुतेक समकालीन शैलीचं, जमिनीवर लोळण्याचं, अनवाणी, कधी कधी नाचता नाचता बोलण्याचंही. पॉइंट शूजवर, म्हणजे चवड्याच्या टोकावर नाचायच्या बुटांवर, सगळी उमर घातलेल्या मुलीला हे आधी पायरी उतरल्यासारखं वाटेल. पण या हिवाळ्यात तिने यासाठी तयारी केली नाही, तर पुन्हा चार नकार येतील, हे मी स्पष्टच सांगते. आतापासून आठवड्याला तीन समकालीन क्लास, व्यावसायिक नर्तकांचे सकाळचे क्लास कुठे चालतात त्याची चौकशी, आणि दोन्ही शैली दाखवणारा नवा व्हिडिओ. बायोडेटाच्या पहिल्या ओळीत उंची, आणि दुसऱ्या ओळीत ‘जर्मनीत नोकरीची परवानगी आहे’. हे दुसरं फार मोलाचं आहे. नोकरदार जोडीदाराबरोबर तिथे राहायचा परवाना मिळाला की त्यावर काम करता येतं. भारतातून थेट अर्ज करणाऱ्या मुलीसाठी नाट्यगृहाला व्हिसाची कागदपत्रं करावी लागतात, हिच्यासाठी नाही. जावयांमुळे नाच सुटला असं घरात कुणी म्हणत असेल, तर हेही त्यांच्यामुळेच झालं आहे, हे सांगा.

ज्या शहरात ती परकी म्हणून बसली आहे, तिथलं बॅले परक्यांनीच उभं केलं. जॉन क्रॅन्को दक्षिण आफ्रिकेचा, लंडनमार्गे 1961 मध्ये श्टुटगार्टला आला आणि एका प्रांतिक कंपनीला त्याने जगाच्या नकाशावर नेलं. त्याची प्रमुख नर्तकी मार्सिया हायदे ब्राझीलची. 1973 मध्ये तो अचानक गेला, आणि 1976 पासून पुढची वीसेक वर्षं तिने ती कंपनी चालवली. अमेरिकेतल्या मिलवॉकीचा जॉन नॉयमायर 1963 मध्ये तिथे नर्तक म्हणून आला, नंतर हँबुर्गला जाऊन 1973 ते 2024 तिथल्या बॅलेचा प्रमुख राहिला. (आणि श्टुटगार्ट हे 1968 पासून मुंबईचं भगिनी शहर आहे. तिच्या शनिवार-रविवारच्या फेऱ्या आठवून मला उगाचच बरं वाटलं.)

तरीही मुदत ठरवा. हा हिवाळा आणि पुढचा, असे दोन ऑडिशन-हंगाम. त्यानंतरही संचात जागा मिळाली नाही, तर स्टेजवरची पूर्णवेळ नोकरी हा विषय बंद. बॅलेत पस्तिशी-चाळिशीला बहुतेकांचं स्टेज सुटतंच, मग ते पॅरिसचे असोत की पुण्याचे. त्यामुळे दुसऱ्या कामाची तयारी तिला कुठेही करावी लागलीच असती.

ती तयारी आजपासून करता येते, आणि तिची सुरुवात जर्मन भाषेपासून. तालमीत इंग्रजी चालतं, बॅलेचे शब्द तर फ्रेंचच. प्लिए म्हटलं की टोकियोपासून टोरांटोपर्यंत सगळे गुडघे वाकतात. पण पाच वर्षांच्या जर्मन मुलीला ‘पोट आत, मान वर’ हे जर्मनमध्येच सांगावं लागतं, आणि तिच्या आईचा फोनही जर्मनमध्येच येतो. जर्मनची बी-वन ही मधली पातळी होईपर्यंत शिकवणीचं काम हौसेपुरतंच राहील.

शिकवण्यासाठी रॉयल अकॅडमी ऑफ डान्सचा शिक्षक-अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने करता येतो. त्यांच्या परीक्षा तिने मुंबईत दिल्या असतील, तर पद्धत ओळखीची आहे. स्वतंत्रपणे शिकवणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतांसाठी जर्मनीत क्युन्स्टलर-सोत्सिआल-कासं नावाची सोय आहे. सभासद झालं की आरोग्यविमा आणि पेन्शनचा जवळजवळ निम्माच हप्ता आपल्याला भरावा लागतो. ‘बॉलिवूड शिकव’ असा सल्लाही तिला मिळेलच. भाडं निघत असेल तर खुशाल शिकवावं, त्यात कमीपणा नाही. फक्त सगळ्या संध्याकाळी त्यात जाऊ नयेत.

आता सॉफ्टवेअर टेस्टिंग. सासरच्यांना मी वाईट म्हणणार नाही, त्यांना काळजी वाटते. पण बॅले सोडून टेस्टिंग आणि बॅले करता करता टेस्टिंग, यांत फरक आहे. चीनमध्ये जन्मलेला बॅले नर्तक ली त्सुनशिन अमेरिकेत ह्यूस्टनला स्थिरावला, 1995 मध्ये मेलबर्नला गेला, म्हणजे देश बदलला तो दोनदा. तिथे नाचत असतानाच त्याने शेअरबाजाराचं शिक्षण घेतलं. शेवटची दोन वर्षं सकाळी दलालपेढीवर आणि दुपारी तालमीला, असं त्याने काढलं. 1999 मध्ये स्टेज सोडलं तेव्हा दुसरी नोकरी हातात होती, आणि 2012 मध्ये तोच क्वीन्सलँड बॅलेचा प्रमुख झाला. तिला कोडिंगची खरंच आवड असेल तर तोही कोर्स करू दे. आवड नसेल, तर फिजिओथेरपी तिच्या शरीरज्ञानाला जवळची. जर्मनीत ते तीन वर्षांचं शिक्षण आहे, भाषा मात्र बी-वनच्या पुढची, बी-टू लागते. बर्लिनच्या ‘श्टिफ्टुंग टान्झ’ या संस्थेत नर्तकांना अशा बदलासाठी सल्ला मिळतो. माझ्यापेक्षा त्यांना तिथली माहिती जास्त, तिला त्यांच्याशी बोलायला सांगा.

तुमच्यासाठी एकच काम. दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ‘काही जमलं का?’ हे विचारणं जूनपर्यंत बंद. जर्मनचा वर्ग कसा चालला आहे ते विचारा. आणि पुढचं पत्र तिला स्वतः लिहू दे.

ता.क. : ओट्यापाशी फरशीवर पॉइंट शूज घालून उड्या मारत असेल, तर ते आजच थांबवायला सांगा. टाइलखाली लवचीकपणा नसतो, सगळा धक्का नडगीला आणि घोट्याला बसतो. नोव्हेंबरपर्यंत दोन्ही पाय शाबूत हवेत.