खान्देशात पुरोगामी वातावरणाचं गाव कोणतं?

आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्यानं खान्देशात कुठे स्थायिक व्हावं, असा तुमचा प्रश्न. अख्खं गावच पुरोगामी असं काही नसतं, माणसं भेटतात. माझं मत अमळनेरला. साने गुरुजी इथल्याच प्रताप हायस्कुलात शिकवायचे. २०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय साहित्य संमेलन आणि विद्रोही संमेलन, दोन्ही इथंच भरली. धुळ्यात कॉम्रेड शरद पाटलांची सत्यशोधक, म्हणजे जातिअंताच्या चळवळीची परंपरा आहे. शहाद्याला आदिवासी शेतमजुरांसाठी लढलेल्या श्रमिक संघटनेचा वारसा, पण नोकरीचं बघूनच जा.

भाड्याचं घर बघताना मात्र पहिला प्रश्न सगळीकडे आडनावाचाच. ‘पाटील’ सांगितलं, तर ‘कोणते पाटील?’ हेही विचारतात! त्यामुळे आधी अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) स्थानिक कार्यकर्ते गाठा, घरमालक कसा आहे ते त्यांना ठाऊक असतं.