रक्तात इन्सुलिन भरपूर असूनही साखर का उतरत नाही?

उपाशीपोटीचं इन्सुलिन जास्त आणि साखरही जास्त, असा रिपोर्ट असेल तर अडचण बहुधा पेशीच्या आतल्या निरोपात असते.

इन्सुलिन स्वतः साखर आत नेत नाही. ते पेशीपटलावरच्या रिसेप्टरच्या, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाच्या, बाहेरच्या भागाला चिकटतं. त्यासरशी आतला भाग आधी स्वतःच्या आणि मग आयआरएस-१ या प्रथिनाच्या टायरोसिनवर (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) फॉस्फेट चढवतो. तिथे पीआय-३ कायनेज हे एन्झाइम येऊन बसतं आणि पेशीपटलातल्या पीआयपी-२ या मेद-रेणूचं पीआयपी-३ करतं. त्यावर एकेटी हे एन्झाइम जमतं. त्याच्या ३०८ व्या जागेच्या थ्रिओनिनवर आणि ४७३ व्या जागेच्या सेरिनवर (हीही अमिनो आम्लंच) फॉस्फेट लागला की ते पूर्ण कामाला लागतं. ते एएस-१६० या रोखून धरणाऱ्या प्रथिनाचा अटकाव काढतं आणि ग्लुट-४ (ग्लुकोज आत नेणारं प्रथिन) असलेल्या पिशव्या पेशीपटलाला जाऊन मिळतात. नाशिकची द्राक्षं खाल्ली की त्यातलं ग्लुकोज स्नायूत शिरतं ते मुख्यतः याच ग्लुट-४ मधून.

बिघाड बऱ्याचदा आयआरएस-१ पाशीच होतो. स्नायूत चरबी साठली की डायअसिलग्लिसरॉल हा मेद-रेणू वाढतो, पीकेसी हे एन्झाइम चेततं, आणि टायरोसिनऐवजी सेरिनवर फॉस्फेट बसतात. पुढचा निरोप तिथेच मंदावतो. स्वादुपिंड भरपाई म्हणून आणखी इन्सुलिन सोडतं.

चालण्याचा फायदा खरंच मोठा आहे: आकुंचन पावणारा स्नायू ग्लुट-४ इन्सुलिनशिवाय, एएमपीके या एन्झाइमसारख्या वेगळ्या वाटेनं वर आणतो. जेवणानंतर नाशिकच्या गोदापार्कवर पंधरा-वीस मिनिटं चाला. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते, खिशात ग्लुकोज ठेवा.