गो-लाइव्ह चतुर्थीच्या तोंडावर ठेवू नकोस

प्रिय बाय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनच करणार होतो पण तुझी शिफ्ट कधी सुटते ते मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो. वेर्ण्याच्या औषध कंपनीत लागून वर्ष झालं नाही तोवर कागदी बीएमआर (प्रत्येक बॅचच्या उत्पादनाची नोंद) बंद करून सगळं टॅबवर आणायचं, म्हणजे ते तुमचं गो-लाइव्ह, काम तुझ्या गळ्यात पडलंय, आणि साहेब म्हणतो लोक रेझिस्ट करतायत, त्यांचा माइंडसेट बदल. ते माइंडसेट प्रकरण आधी बाजूला ठेव गो. माणसाचा माइंडसेट किती बदलता येतो ते माझ्या बायकोला विचार.

तुमच्या फार्मात चेंज कंट्रोल असतो ना? साधा मशीनचा पार्ट किंवा लेबल बदलायचं तरी फॉर्म भरा, प्रॉडक्टवर काय परिणाम, कुठली एसओपी (लेखी कार्यपद्धत) बदलणार, व्हॅलिडेशन (नीट चालतं याची तपासणी) लागेल का, मग क्यूएची, म्हणजे गुणवत्ता विभागाची, सही. चांगलीच पद्धत आहे. पण माणसांसाठी त्यात काय असतं, तर ट्रेनिंग दिलं आणि रजिस्टरवर सह्या घेतल्या, संपलं. या बदलात कोणाचं काय जाणार हा प्रश्न मी तरी कुठल्या फॉर्मवर पाहिला नाही. तू ज्या जुन्या ऑपरेटरबद्दल वैतागून लिहिलंयस त्याचाच विचार कर. ऑडिटच्या आधी सगळे त्याच्याकडे धावतात, नोंद कुठे राहिली ते तो पान उलटताच सांगतो, आणि उद्या टॅब आला की कालचा आयटीआयचा पोरगा त्याच्या दुप्पट वेगानं एंट्री करणार. तो टॅबला घाबरत नाही, दिवसभर व्हॉट्सॲप करतोच की. त्याचा मान जातोय.

एमबीएवाल्यांच्या पीपीटीत कुर्ट लेविनचं अनफ्रीझ-चेंज-रीफ्रीझ (जुनी सवय सैल करा, बदला, मग नवी पक्की करा) असतंच, ते तू पाहिलं असशील. मला त्याची दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते. हा जर्मन मानसशास्त्रज्ञ, 1933 मध्ये अमेरिकेत गेला. तो म्हणायचा की कामाची पद्धत आहे तिथेच राहते कारण पुढे ढकलणारे आणि मागे धरणारे असे दोन्ही जोर तिच्यावर असतात, आणि तू नुसता पुढचा जोर वाढवलास (मेमो, वॉर्निंग, साहेबाची मीटिंग) तर गाडी थोडी सरकेल पण ताणही वाढेल. त्यापेक्षा मागे धरणारं काय आहे ते शोधून सोडवायचं.

ते कसं शोधायचं, तर सेकंड शिफ्टचा शेवटचा अर्धा-एक तास लाईनवर नुसती उभी राहा. काही बोलू नकोस. शेवटच्या एंट्रीला वेळ लागतो, टॅब मोजकेच, पासवर्ड एक्स्पायर झालेला, आणि बाहेर केपे-काणकोणची बस हॉर्न मारतेय, ती चुकली तर रात्री घरी जायचं कसं? मग माणूस कागदावर आकडे लिहून ठेवतो आणि सकाळी टॅबवर भरतो, तुम्ही त्याला डेव्हिएशन (ठरलेली पद्धत मोडणं) म्हणता आणि वर रेझिस्टन्सही म्हणता. बस दहा मिनिटं उशिरा सोडून घेणं हे चेंज मॅनेजमेंटच आहे, भले त्याची स्लाइड होत नसेल.

आता एक जुना प्रयोग सांगतो, तो मला फार आवडतो. व्हर्जिनियात मॅरियन गावी हारवुड नावाचा पायजमे शिवायचा कारखाना होता, कॉच आणि फ्रेंच या दोघांनी त्याच्यावर 1948 मध्ये लेख लिहिला. पीस रेटवर काम (जेवढे नग तेवढे पैसे), आणि काम थोडं जरी बदललं तरी उत्पादन खाली यायचं, लोक सोडून जायचे. त्यांनी एका गटाला मीटिंग घेऊन नुसतं सांगितलं की उद्यापासून असं, एका गटातून प्रतिनिधी घेतले, आणि दोन गटांत सगळ्यांनाच नवी पद्धत ठरवायला बसवलं. नुसतं सांगितलेल्या गटाचं उत्पादन वर आलंच नाही आणि पहिल्या 40 दिवसांत 17 टक्के लोक सोडून गेले. सगळे बसले होते ते गट पटापट सावरून आधीच्याही पुढे गेले. पण खरी गंमत पुढे आहे. त्या बिघडलेल्या गटातले जे उरले होते त्यांनाच काही महिन्यांनी दुसऱ्या बदलाच्या वेळी ठरवायला बसवलं तर तेही भराभर सावरले. माणसं तीच गो, माइंडसेट कुठे गेला मग?

पण म्हणून लगेच सजेशन बॉक्स लावू नकोस. फ्रेंच यांनीच नॉर्वेतल्या बूट कारखान्यात तसाच प्रयोग परत केला, 1960 मध्ये तो छापून आला, आणि तिथे उत्पादनात काही फरक पडला नाही. लोकांना ज्या गोष्टी ठरवायला दिल्या होत्या त्या फारशा महत्त्वाच्याच नव्हत्या हे त्याचं एक कारण. टॅबच्या कव्हरचा रंग विचारू नकोस. स्क्रीनवर आधी काय यावं, चूक झाली तर दुरुस्ती कोण करणार, हे विचार, आणि विचारलंस तर त्यातलं काही बदलायची मुभा आधी साहेबाकडून घेऊन ठेव, नाहीतर विचारूच नकोस.

साहेबाला अजून दोन गोष्टी सांग. पहिले काही आठवडे आउटपुट पडणार, हे आधीच लेखी टाक, मागून सांगितलंस तर सबब वाटते. आणि कागद-टॅब दोन्ही एकदम चालवायचं असेल तर त्याला शेवटची तारीख हवी, डबल काम कोणाला आवडतं? आणि हो, 70 टक्के चेंज प्रोजेक्ट फेल होतात असं कोणी मीटिंगमध्ये फेकलं तर घाबरू नकोस, त्या आकड्यामागे धड अभ्यास सापडत नाही.

राहिली तारीख. मुंबईहून कोणीतरी कॅलेंडर बघून चतुर्थीच्या आदल्या सोमवारी गो-लाइव्ह ठेवलंय म्हणालीस. अर्धा फ्लोअर सुट्टीवर, उरलेल्यांचं लक्ष माटोळीत (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची), आणि हेल्पडेस्कचा पोरगा पण गावीच गेलेला असणार! ती तारीख पहिली पुढे ढकलून घे. मग रविवारी फोंड्याला घरी ये, कंपनीचे कागद आणू नकोस, कोणाचं काय जाणार त्याची नुसती यादी करून आण, त्या ऑपरेटरचं नाव सगळ्यात वर.

तुझा,
काका